नोंद नसलेली रांग

सावद्याच्या गुरांच्या बाजारात सौद्याआधी एक तपासणी हमखास होते. घेणारा बैलाचे ओठ वर करतो, दात बघतो आणि मगच बोलणी सुरू होतात. आदत आहे, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावर जनावराचे वय आणि भाव ठरतो. बैलाचे तोंड असे चोखपणे पाहणाऱ्याला त्याचे स्वतःचे तोंड शेवटचे कोणी कधी पाहिले असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर येईल: दुखले तेव्हा.

आणि दुखले तेव्हाही लगेच नाहीच. सावदा हे रावेर तालुक्यातले केळीचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर असल्याने एसटीची सोय आहे, खासगी दवाखानेही आहेत. पण सरकारी खर्चात दाताचा इलाज करायचा म्हटले की रस्ता लांबत जातो. तालुक्याचे गाव रावेर वीसेक किलोमीटरवर, भुसावळ साधारण तेवढेच. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नास किलोमीटरच्या आसपास. खऱ्या अर्थाने दातांचे सरकारी रुग्णालय, म्हणजे शासकीय दंत महाविद्यालय हवे असेल, तर अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगर गाठायचे. ते अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. भुसावळला रेल्वेचे रुग्णालय आहे, पण ते रेल्वेच्या माणसांसाठी. केळीच्या कटाईला जाणाऱ्या मजुराला त्याचा उपयोग नाही.

सरकारी रुग्णालयात दात काढणे हे तसे सोपे काम आहे. भुलीचे इंजेक्शन, पक्कड, कापसाचा बोळा आणि एक खेप. सूज असेल तर आधी पाच दिवसांच्या गोळ्या आणि ‘सूज उतरल्यावर या’. साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघाला, तर आणखी एक खेप. दात वाचवणे मात्र वेगळे प्रकरण आहे. रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या मुळातली सडलेली नस काढून ती पोकळी साफ करून भरणे. त्याला एक्स-रे लागतो, बारीक फाइली लागतात, चांगली खुर्ची आणि हवेच्या दाबासाठी कॉम्प्रेसर लागतो, न जाणारी वीज लागते आणि बहुधा दोन-तीन बैठका लागतात. वर टोपी बसवायची तर माप घेऊन प्रयोगशाळेत पाठवावे लागते. कवळीचे गणित याहून लांब: माप, चाव्याची नोंद, मेणातली कवळी घालून पाहणे, पक्की कवळी, मग ती टोचते म्हणून पुन्हा घासायला येणे.

प्रत्येक बैठक म्हणजे एक बुडालेली मजुरी आणि बसचे जाण्या-येण्याचे भाडे. म्हातारी आई असेल तर सोबत येणाऱ्या मुलाचीही मजुरी गेली. त्यामुळे डॉक्टरने ‘दात वाचू शकतो’ म्हटले तरी रुग्णच म्हणतो, काढून टाका. कागदावर याची नोंद ‘दात काढला, रुग्ण समाधानी’ अशीच होणार. उपचाराची वाट पाहणाऱ्यांची यादी इथे लांबत नाही, कारण ती यादीच तयार होत नाही. रांग आहे, ती घरोघर बसलेली आहे.

पैशाचा अडसर थोडा कमी झाला आहे, हे मान्य करायला हवे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. केस पेपरचे पैसेही गेले. मात्र हा निर्णय एका विभागापुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतली महाविद्यालयीन रुग्णालये त्यात नव्हती. जळगावचे जुने सिव्हिल हॉस्पिटल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले आहे. लोक त्याला आजही सिव्हिलच म्हणतात, पण फाटकाच्या आत कोणत्या खात्याचा कारभार चालतो हे रुग्णाला कसे कळावे? दुखरी दाढ खाते विचारून दुखत नाही.

डॉक्टरच कमी आहेत, असे म्हणावे तर तेही खरे नाही. देशात 300 हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि तिथे दरवर्षी प्रवेशाच्या 25 हजारांहून जास्त जागा असतात. पण बहुतेक महाविद्यालये खासगी. महाराष्ट्रात अनेक वर्षे सरकारी म्हणावीत अशी मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरची तीन, शिवाय मुंबई महापालिकेचे नायर. खानदेशात धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तेही खासगी. लाखो रुपये भरून शिकलेला तरुण शहरात खुर्ची मांडतो, कारण कर्ज तिथेच फिटते. ग्रामीण रुग्णालयातली दंतशल्यचिकित्सकाची जागा बरेचदा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर असते. दरवर्षी नूतनीकरणाची धास्ती बाळगून कोण रावेरला घर करील?

2017 मध्ये जळगावसाठी मोठी घोषणा झाली होती. चिंचोली इथल्या वैद्यकीय संकुलाला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्या आराखड्यात दंत महाविद्यालयही होते. जिल्ह्यात असे महाविद्यालय चालू लागले तर फरक नुसता अंतराचा पडत नाही. शिकणाऱ्या मुलांना हाताखाली रुग्ण हवे असतात, त्यामुळे रूट कॅनॉल, कवळी, लहान मुलांचे दात ही वेळखाऊ कामे तिथे स्वस्तात होतात. वेळ लागतो, विद्यार्थी पुन्हा पुन्हा शिक्षकाला दाखवून घेतो, पण दात वाचतो.

तोवर घरचे इलाज. किडलेल्या दाढेत लवंग दाबून धरणे हा काही निव्वळ अडाणीपणा नव्हे. लवंगेतले युजेनॉल खरोखरच वेदना बोथट करते आणि दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात तेच वापरत आले आहेत. गडबड होते ती लवंगेने आलेल्या आरामाला इलाज समजण्यात. त्यापुढची पायरी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, मग आणखी एक. तिसरा उपाय सर्वांत घातक, तो म्हणजे मशेरी. ‘तंबाखूने दाढ थांबते’ म्हणून सुरू झालेली सवय दाढ पडल्यावरही सुटत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 24.4 टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे सांगितले होते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा.

दातांसाठी ताटकळणे हे गरीब देशांचेच दुखणे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सेंट पॉल्स भागातल्या एका दवाखान्याने सरकारी योजनेचे नवे रुग्ण घ्यायचे ठरवले, तर रस्त्यावर शेकडोंची रांग लागली आणि पोलिसांना यावे लागले. ती छायाचित्रे देशभर छापून आली, संसदेत त्यावर बोलणे झाले. तिथली रांग निदान दिसली. न्यूझीलंडने याहून जुना धडा दिला आहे. डॉक्टर सगळीकडे पोहोचणार नाहीत हे ओळखून त्या देशाने 1921 मध्ये शाळांसाठी खास परिचारिका शिकवायला घेतल्या. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर त्या मुलांचे दात तपासत, भरत, गरज पडली तर काढतही.

आपल्याकडे शाळेपर्यंत पोहोचणारी व्यवस्था आहे, आणि ती सुरूही महाराष्ट्रातूनच झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाला. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे आणि तपासायच्या आजारांत दातांची कीडही आहे. मूल तपासले जाते, कार्डावर ‘संदर्भित’ लिहिले जाते. पुढे त्याला दंतखुर्चीपर्यंत कोण नेणार, याचे उत्तर आईच्या रोजंदारीवर ठरते.

दात दाखवायला सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर काही गोष्टी सांभाळाव्यात. बाह्यरुग्ण विभाग सकाळीच गाठावा. दंतचिकित्सक कोणत्या वारी असतात हे आधी विचारून घ्यावे. दात काढायला उपाशीपोटी जाऊ नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर चिठ्ठ्या सोबत न्याव्यात आणि न विचारता सांगावे. तोंडातली जखम, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दुखत नसले तरी थांबू नये. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होतो. साधा किडलेला दात भरण्याचा खर्च त्या योजनेत बसत नाही.