कळंबचा उतार आणि हिंगणघाटची कबर

यवतमाळच्या एका सायकलस्वार वाचकाने विचारलंय, ‘कळंबच्या चिंतामणीला जाताना सायकल आपोआप पळाली, येताना मात्र जीव मेटाकुटीला आला. मोबाइलवर दोन्हीकडचं अंतर तेवढंच! असं का?’

मोबाइल खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. यवतमाळ पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर. कळंब खाली, वर्धेच्या खोऱ्याच्या अंगाला. गाडीवाल्यांसाठी काढलेल्या नकाशाला चढाशी काय देणंघेणं? पायडल मारणाऱ्याने सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट उघडावी. १:५०,०००च्या शीटवर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि सहसा दर २० मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा. रेषा दाटल्या की मांड्या भरून येणार, हे घरीच कळतं.

आपल्याकडे तर ही रेषांची नक्षी बघण्यासारखी. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, म्हणून आधी रेषांचा घट्ट पट्टा, मग मोकळी पायरी, पुन्हा पट्टा. (या थरांच्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, तो स्वीडिश जिन्यावरून आलाय.) ओढेही नीट बघा: बारमाही निळे, कोरडे काळे. एप्रिलमध्ये निघणाऱ्याने या काळ्या रेघांच्या भरवशावर बाटली रिकामी ठेवू नये. सर्वसामान्यांसाठीच्या या शीट २०१७ साली, खात्याच्या २५०व्या वर्षी, मोफत उतरवून घेता येऊ लागल्या. पण नव्या ॲपचा जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या चार आणेही यांच्या वाट्याला आला नाही.

या नकाशांचा सांगाडा उभा करणाऱ्या माणसाचंही तेच झालं. विल्यम लॅम्बटनने १८०२मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत, साधारण ७८ रेखांश धरून, तो उत्तरेकडे निघाला. सोबत अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र. १८०८मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याची अचूक वर्तुळाकार पट्टी वाकली. दुसरा असता तर विलायतेला पत्र लिहून वाट बघत बसला असता. या गड्याने पाचरी, स्क्रू आणि हातोडी घेऊन सहा आठवडे ठोकाठोक केली, पट्टी ताणून सरळ केली आणि मोजणी पुढे सुरू!

हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. त्याच्या मदतनिसाचं, एव्हरेस्टचं, नाव १८६५ साली जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव हिंगणघाटातही किती जणांना ठाऊक असेल?

तेव्हा सायकलस्वार मित्रा, दम असेल तर पुढच्या खेपेला कळंबहून राळेगाव धर, वर्धा ओलांड आणि हिंगणघाटला त्या कबरीपाशी जाऊन ये. फक्त परतीला किती रेषा चढायच्यात, ते निघायच्या आधी मोजून ठेव.