फुगणारे पीठ आणि मुंग्यांची रांग

घरी पाव करण्याच्या बहुतेक कृतींमध्ये दोन सूचना हमखास असतात. यीस्ट कोमट पाण्यात घाला, आणि पीठ तासभर उबदार जागी फुगू द्या. या सूचना थंड हवेच्या देशांतून आल्या आहेत. जळगाव-धुळ्याकडे थंडीतल्या पहाटे पारा कधीकधी १० अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ च्या आसपास जातो. येथे 'तासभर' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. मेमध्ये पाव आंबट आणि चिकट झाला की दोष पिठाला किंवा यीस्टला दिला जातो. खरे कारण बहुधा तापमान असते.

यीस्ट ही सजीव बुरशी आहे. ती पिठातली साखर वापरून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि गव्हातल्या ग्लुटेनच्या लवचीक जाळ्यात तो वायू अडकतो. (ज्वारीत हे जाळे तयार होत नाही, म्हणून भाकरीचे पीठ असे फुगत नाही.) यीस्टच्या पेशीतल्या रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. २० अंशांना पीठ दुप्पट व्हायला अडीच-तीन तास लागले, तर ३० अंशांना सव्वा-दीड तास पुरतो. पण हा हिशोब पुढे तसाच चालत नाही. ४० च्या पुढे यीस्ट मंदावते आणि ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मरते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सारख्या आकाराच्या तीन उभ्या पेल्यांत सारखेच पीठ भरा, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून उंचीची खूण करा. एक पेला माठाशेजारी, एक टेबलावर, एक पत्र्याच्या छपराखाली ठेवा. दर पंधरा मिनिटांनी उंची आणि त्या जागेचे तापमान लिहा. खाण्याच्या पिठात पाऱ्याचा तापमापक मात्र खुपसू नये.

बेकरीवाल्यांचा एक जुना हिशोबही येथे उपयोगी पडतो. मळलेले पीठ २६ अंशांचे हवे असेल, तर २६ ला ३ ने गुणावे आणि त्यातून खोलीचे व कोरड्या पिठाचे तापमान वजा करावे. उरेल तितक्या अंशांचे पाणी घ्यावे. डिसेंबरात खोली २० आणि पीठ २० असेल, तर ७८ वजा ४० म्हणजे ३८ अंश. हेच ते कोमट पाणी! मेमध्ये खोली ३६ आणि पीठ ३४ असेल, तर उरतात ८ अंश. माठातले पाणीही येथे पुरत नाही, फ्रिजमधले लागते.

पीठ फुगेपर्यंत करायचे काय? थंडीत धुळेकरांना लळिंगच्या किल्ल्यावर जाऊन येण्याइतकी सवड मिळते. उन्हाळ्यात जळगावकरांना मेहरूण तलावाचा फेराही घाईत उरकावा लागेल. कोठेही गेलात तरी सोबत एक मीटर दोरी, घड्याळ आणि तापमापक घ्या. मुंग्यांची रांग दिसली की शेजारी दोरी ताणून ठेवा आणि दहा मुंग्यांना ती लांबी कापायला किती सेकंद लागतात ते मोजा. सकाळी सातला आणि पुन्हा दहाला मोजा. मुंगीचे शरीर भोवतालच्या तापमानाबरोबर तापते, त्यामुळे ऊन चढेल तशी तिची चाल वाढते.

हा छंद एका मोठ्या शास्त्रज्ञानेही जोपासला होता. आपली सूर्यमाला आकाशगंगेच्या केंद्रात नाही, हे दाखवणारे हार्लो शॅपली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत काम करताना फावल्या वेळात मुंग्यांचा वेग मोजत. वेगावरून तापमानाचा बराच अचूक अंदाज बांधता येतो, असे त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

भर दुपारी जमीन फार तापली की रांगच नाहीशी होते. म्हणजे यीस्टप्रमाणे हा आलेखही एका मर्यादेपर्यंतच चढतो. मोजणीसाठी काळ्या, न चावणाऱ्या मुंग्या निवडाव्यात, आणि वाटेत साखर टाकू नये. मुंग्या थांबतात आणि सगळे आकडे बिघडतात.