‘आता त्याचे वय झाले’ म्हणण्यापूर्वी

सकाळी साखळी हातात घेताच दाराकडे धावणारा आपला कुत्रा आता उठायलाच वेळ लावतो. उठल्यावर चार पावले आखडत टाकतो, मग जरा मोकळा होतो. जिन्यापाशी मात्र थांबून आपल्याकडे पाहत राहतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘‘आता त्याचे वय झाले.’’ हे वाक्य आपण स्वतःच्या गुडघ्यांबद्दलही ऐकले असेल, आणि ते ऐकून आपले दुखणे काही थांबले नसेल. मुक्या जिवाचेही तसेच आहे. वार्धक्य हा आजार नव्हे. पण त्याच्या नावाखाली सांध्यांची वेदना अनेकदा झाकली जाते.

माणसाप्रमाणेच कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांतही हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि सांधा सुजतो. दुखऱ्या पायावर भार टाकणे प्राणी टाळतो, त्यामुळे त्या पायाचे स्नायू रोडावतात. स्नायू रोडावले की सांध्याचा आधार आणखी कमी होतो. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींत आनुवंशिक दोषामुळे खुब्याचा सांधा नीट घडलेला नसतो, तर पामेरियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते. अशा प्राण्यांत ही झीज लवकर सुरू होते.

प्राणी वेदना लपवतात, म्हणून खुणा आपणच ओळखाव्या लागतात. विश्रांतीनंतर अंग आखडणे, सोफ्यावर चढण्यास कचरणे, एकच सांधा सतत चाटणे, हात लावताच गुरगुरणे, मागच्या मांड्या बारीक होणे, या कुत्र्यातील खुणा. मांजर क्वचितच लंगडते. ते उंचावर उडी मारणे सोडते, पाठीवरची लव विस्कटलेली राहते, कधी विधीच्या पेटीबाहेर घाण करते. तो हट्ट नसून पेटीची उंच कड ओलांडताना होणारा त्रास असू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या उशाशी सांधेदुखीच्या गोळ्या असतात. दया येऊन त्यातली अर्धी पोळीत घालून द्यावी, असे मनात येते. कृपया असे कधीही करू नका. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खालावून एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एका जिवाचे औषध दुसऱ्याला विष ठरते, याचा दाखला आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. चुकून गोळी पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता गोळीचे पाकीट घेऊन तत्काळ पशुवैद्यांकडे जावे.

सुदैवाने, प्राण्यांसाठी योग्य वेदनाशामके उपलब्ध आहेत. पशुवैद्य वजन पाहून मात्रा ठरवतात. औषध दीर्घकाळ द्यायचे असल्यास यकृत व मूत्रपिंडांसाठी रक्ततपासणी करतात. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणे विसरतो, म्हणून घरातील त्याच्या चालण्याचे चित्रण मोबाइलवर करून न्यावे.

उरलेले अर्धे उपचार घरातच आहेत. पहिला म्हणजे वजन. बरगड्या हलक्या हाताला जाणवल्या पाहिजेत. चहाबरोबरचे बिस्कीट प्रेमाचे असले, तरी त्याचा भार सांध्यांवरच पडतो. गुळगुळीत फरशीवर न सरकणारी रबरी चटई अंथरावी; तिच्या कडा मात्र आपल्या पायांत येऊ नयेत. नखे वेळेवर कापावीत. निजण्यासाठी जाड, कोरडे अंथरूण द्यावे. एकच लांब फेरी मारण्याऐवजी दिवसातून दोन-तीन छोट्या फेऱ्या माराव्यात. मांजराच्या पेटीची एक कड बुटकी असावी.

आणि स्वतःची कंबरही सांभाळावी. तीस किलोंचा कुत्रा एकट्याने उचलू नये. त्याच्या पोटाखालून रुंद टॉवेल घालून मागच्या पायांना आधार द्यावा. मागचे पाय अकस्मात लुळे पडले, पाय टेकवणेच थांबले किंवा हाडावर घट्ट सूज दिसली, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठावे.

म्हातारपण कोणालाच परतवता येत नाही. पण त्यातली वेदना कमी करता येते, आणि ‘दुखते आहे’ हे त्याच्या वतीने सांगणारे आपणच आहोत. ज्याने स्वतः जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी मोजली आहे, त्याला ही भाषा शिकवावी लागत नाही.