पाहुणे आले, पण गावाला काय वाटतं?

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटून जातात. पात्रात नुसते गोटे! पण रोहा तालुक्यात, कोलाडजवळची कुंडलिका भर उन्हाळ्यातही खळाळत असते. सकाळी पाणी चढलं, की मुंबई-पुण्याची मंडळी रबरी होड्यांत बसून ओरडत, भिजत खाली येतात. हेच ते राफ्टिंग.

हे पाणी येतं कुठून? घाटावर, पुणे जिल्ह्यात मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी मोठाल्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. वीज तयार झाली, की तेच पाणी कुंडलिकेला मिळतं. या धरणाखाली शेतकऱ्यांची घरंदारं बुडणार होती, म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. तेव्हापासून ते ‘सेनापती बापट’ झाले. म्हणजे बघा, आपल्या तासाभराच्या मजेमागे कुणाचं तरी बुडालेलं गाव आहे!

बरं, आज नदीकाठी राहणाऱ्यांना या पाहुण्यांबद्दल काय वाटतं? उत्तर एकच नाही. होडी वल्हवायला शिकलेला दादा म्हणेल, कामासाठी मुंबई गाठावी लागली नाही. पाहुण्यांना जेवण रांधून देणाऱ्या मावशी म्हणतील, चार पैसे हाती आले. आणि शेजारचेच आजोबा कुरकुरतील, रात्रभर गाणी वाजतात अन् सकाळी शेतात बाटल्यांच्या काचा! गंमत म्हणजे तिघांचंही खरंच आहे.

पेणची तऱ्हा वेगळी. पेण, हमरापूर, जोहे इथे गणपतीचे कारखाने आहेत. लांबून कुणी मूर्ती बघायला आलं, की कारागिरांना कौतुक वाटतं. पण मूर्तीचे डोळे आखताना हात जरासुद्धा हलून चालत नाही. नेमकं तेव्हाच कुणी फोटोसाठी मध्ये घुसलं तर?

जॉर्ज डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ साली गावाच्या मनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी पाहुण्यांचा आनंद, मग त्यांची सवय, मग वैताग आणि शेवटी उघड विरोध. पण सगळं गाव एकाच पायरीवर नसतं, हे आपण आत्ताच पाहिलं. पाहुणे कसे वागतात आणि त्यांचा पैसा किती घरांत पोचतो, यावर बरंच काही ठरतं.

तेव्हा आता सहलीला गेलात, की तिथल्या माणसांना एक प्रश्न जरूर विचारा: “इथे आम्ही काय केलेलं तुम्हाला आवडत नाही?” आणि तुमच्याच गावात पाहुणे येत असतील, तर वही घेऊन दहा घरं फिरा. प्रत्येकाला काय वाटतं ते लिहून काढा आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवायला मोठ्यांना सांगा. गावाच्या मनातलं कुणी विचारलंच नाही, तर ते कळणार तरी कसं?