आज्ञार्थी पाहुणा

घरात तान्हे मूल आले, की घड्याळाचा आणि वडीलधाऱ्यांचा अधिकार एकाच दिवशी संपतो. धाकटी बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आणि गेले चार आठवडे आमच्या तीन खोल्यांवर साडेतीन किलो वजनाच्या एका स्वारीचे राज्य चालू आहे. मी या स्वारीचा मामा. पेशाने मराठीचा मास्तर. तेव्हा प्रत्येक उच्चारात व्याकरण शोधण्याची खोड. माझा निष्कर्ष असा, की या भाषेत नाम नाही, विशेषण नाही. आहे ते फक्त क्रियापद, आणि तेही आज्ञार्थी!

तान्ह्या बाळाच्या लकबी पाहत बसणे हा एक उद्योगच आहे. गालाला बोट लागले, की मान तिकडे वळते आणि ओठांचा चंबू होतो. उचकी लागली, की आमची आई समाधानाने म्हणते, "वाढतंय हो बाळ!" लागोपाठ दोन शिंका आल्या, की घरभर धावपळ, डॉक्टर मात्र हसून सांगतात, नाक साफ करण्याची त्याची ती रीतच आहे. झोपेत स्वारी गालातल्या गालात हसते, तेव्हा आईच्या मते सटवाई हसवत असते. शास्त्र म्हणते, ही झोपेतली आपोआप होणारी हालचाल. ओळखीचे हसू साधारण सहा आठवड्यांनी उमटते. म्हणजे हे हसू आपल्यासाठी नाही, याबद्दल सटवाई आणि शास्त्र यांचे एकमत आहे!

सर्वांत गमतीची लकब दचकण्याची. दाराची कडी वाजली, की दोन्ही हात फाकतात, बोटे ताठ होतात आणि मग हात हळूहळू छातीशी येतात. जणू कुणाला मिठीच मारायची आहे. जर्मनीतले बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली या हालचालीचे वर्णन केले, ते कवटाळण्याची क्रिया म्हणूनच. मुठीचेही तसेच. तळहातावर बोट ठेवा, ते घट्ट धरले जाते. १८९१ साली लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी ६०हून अधिक नवजात बालकांना काठी धरायला देऊन अधांतरी लोंबकळत ठेवले. बहुतेकांनी निदान १० सेकंद तरी पकड सोडली नाही. (वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये, आजीचा जीव जाईल!) माकडाचे पिल्लू आईच्या केसांना धरून राहते, त्याचीच ही खूण मानतात.

तेव्हा आपण ज्यांना गमती म्हणतो, ते सारे एकाच वाक्याचे तुकडे आहेत : 'मला धरा.' बाळाची नजर नीट पोचते ती जेमतेम वीतभर, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तिथवर.

पण ही आज्ञा पाळायची कुणी? संध्याकाळी पाहायला येणाऱ्यांच्या वाट्याला जांभया आणि मुठी येतात. रात्री दोन वाजता उरते ती एकटी आई. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचे, म्हणजे सलग झोप अशी नाहीच. दहाव्या दिवशी बहीण भरल्या ताटावर रडू लागली. "सगळं चांगलं असताना मला रडू का येतं रे, दादा?" डॉक्टरीणबाईंनी तिची समजूत घातली. पहिल्या पंधरवड्यात असे रडू पुष्कळ बाळंतिणींना येते; मात्र ते दोन आठवड्यांपुढे टिकले, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, कशातच मन रमेना, तर तो आजार समजून उपचार घ्यायचे, लपवायचे नाही.

त्या रात्रीपासून कामांची वाटणी झाली. पाजून झाले, की ढेकर काढण्यासाठी बाळ माझ्या खांद्यावर; पहाटेची दुपटी आईकडे; रविवारी तिचे यजमान आले, की सगळा ताबा त्यांचा. आठवड्याभरात बहिणीच्या चेहऱ्यावर हसू आले, आणि ते सटवाईचे नव्हते!

या दिवाळीत कुणाचे बाळ पाहायला जाल, तेव्हा झबल्या-टोपऱ्याबरोबर हाताशी तासभर वेळही घेऊन जा. बाळाला मांडीवर घ्या आणि त्याच्या आईला सांगा, "तू जरा पड, मी आहे." एवढा आज्ञार्थ आपल्यालाही शोभून दिसेल.