मित्रवाहिनीतील मराठा जवान : १९७१ चे युद्ध आणि मुक्तिवाहिनीचा सहवास

प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, विशेषतः घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात, सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीची भरतीही परंपरेने याच जिल्ह्यांतून होत आली आहे. सैन्यातून निवृत्त झालेला जवान पुढे एखाद्या बँकेत, कारखान्यात वा गृहनिर्माण संस्थेत सुरक्षारक्षक म्हणून रुजू होतो, ही गोष्ट उपनगरातील वाचकांस नवी नाही. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी घाटकोपर पूर्वेच्या आमच्या चाळीत असेच एक काका राहत. ते बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असत आणि १९७१ साली बांगलादेशात होते एवढे सर्वांना ठाऊक होते. आम्ही मुले त्यांना किती शत्रू मारले असे विचारीत असू. ते मात्र नदी, होडी आणि आपल्यापुढे चालणाऱ्या लुंगी नेसलेल्या वाटाड्या पोरांविषयी बोलत. त्या वयात आम्हांस ते उत्तर टाळल्यासारखे वाटे. पुढे इतिहासाचे अध्यापन करू लागल्यावर ध्यानात आले की ते उत्तरच अधिक नेमके होते.

परक्या भूमीवर, तेथील स्थानिक सैन्याच्या खांद्याला खांदा लावून लढणे हा युद्धानुभवाचा एक स्वतंत्र प्रकार होय. सेनापतींच्या आत्मचरित्रांत तो ‘समन्वय’ या एका शब्दात उरकला जातो. प्रस्तुत लेखात जमालपूर–टांगाइल–ढाका या एकाच मार्गाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

दोन पलटणी, दोन युद्धे

या मार्गावर दोन पलटणींचे नाव प्रामुख्याने येते. पहिली १ मराठा लाइट इन्फंट्री, अर्थात ‘जंगी पलटण’. हिची स्थापना १७६८ साली मुंबई बेटावर झाली. दुसरी २ पॅरा ही छत्रीधारी पलटण. तिचे मूळ ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत आहे. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही पलटणी इटलीत लढल्या होत्या. नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) हे तिसऱ्या पलटणीचे आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) हे पहिल्या पलटणीचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. इटलीतही स्थानिक बंडखोर तुकड्या जर्मनांविरुद्ध लढत होत्या. परंतु तेथे आपला जवान एका साम्राज्याचा प्रजाजन म्हणून गेला होता आणि गावकऱ्याशी त्याची समान अशी भाषा नव्हती. १९७१ मध्ये या दोन्ही गोष्टी बदलल्या होत्या.

भाषेचा मुद्दा वरवरचा नाही. बंगाली व मराठी या भगिनीभाषा असल्या तरी परस्परांस समजत नाहीत, हे खरे. तथापि भुकेल्या माणसाला लागणारे पहिले दोन शब्द, ‘भात’ आणि ‘पाणी’, पूर्व बंगालच्या खेड्यात जवळजवळ तेच आहेत. भात-मासळीवर वाढलेल्या कोकणातील जवानाला तेथील चुलीपाशी परके वाटण्याचे कारण नव्हते. याच्या उलट बाजूस एक जुनी स्मृतीही उभी होती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांमुळे ‘बर्गी’ (आपला ‘बारगीर’) हा शब्द बंगाली अंगाईगीतात भीतीचा विषय होऊन बसला आहे. ज्या प्रदेशात मुलांना मराठ्यांचे भय दाखवून निजवीत, तेथे १९७१ मध्ये मराठा पलटण ‘मित्रवाहिनी’ म्हणून दाखल झाली. बंगाली लोकांनी भारतीय सैन्यास दिलेले हे नाव आजही तेथे वापरात आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे माहीत नाही.

जमालपूरचे पत्र

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड आरंभिले. त्यानंतरच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. (त्यांच्या साहाय्यार्थ टपालावर लावावे लागणारे ५ पैशांचे जादा तिकीट उपनगरातील जुन्या पत्रपेट्यांत अजूनही सापडते.) मुक्तिवाहिनीने देशाचे अकरा विभाग पाडले होते. मैमनसिंह–टांगाइलचा अकरावा विभाग मेजर अबू ताहेर यांच्याकडे होता. सीमेवरील कमालपूर ठाण्यावरील हल्ल्यात १४ नोव्हेंबर रोजी त्यांनी आपला एक पाय गमावला. म्हणजे ३ डिसेंबरला युद्ध अधिकृतपणे सुरू होण्यापूर्वीच या आघाडीवरील स्थानिक सेनानी जायबंदी होऊन बाजूला झाला होता. आपल्या सैन्याने मुक्तिवाहिनीला ‘मदत केली’ अशी जी मांडणी नेहमी केली जाते, तिच्यात हा कालक्रम हरवतो.

कमालपूरचे ठाणे ४ डिसेंबर रोजी शरण आले. शरणागतीचे आवाहन घेऊन ठाण्यात कोणी जावयाचे, हा प्रश्न होता. पांढरे निशाण घेऊन गेला तो बशीर अहमद हा मुक्तिवाहिनीतील किशोरवयीन मुलगा. पुढे जमालपूरला हेच घडले. ९५ व्या माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या ३१ बलुच पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याविषयी पत्र धाडले. सुलतान अहमदांनी नकाराच्या उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी गुंडाळून पाठविली. हा प्रसंग आपल्याकडील लष्करी लेखनात आवडीने सांगितला जातो, कारण त्यात दोन सेनानींमधील एक प्रकारचा दिलदार डौल आहे. परंतु ते पत्र नेणारा व ती गोळी परत आणणारा मनुष्य झहुरुल हक मुन्शी हा मुक्तिवाहिनीचा सैनिक होता, आणि पत्र पोहोचविल्याबद्दल त्याला शत्रूच्या तळावर जबर मारहाण झाली. भारतीय गणवेशातील अधिकारी दूत म्हणून गेला असता, तर युद्धकैद्यांविषयीच्या संकेतांचा थोडा तरी आधार त्यास मिळाला असता. मुन्शींच्या पाठीशी तसा कोणताही कायदा नव्हता. पाकिस्तानी लष्कराच्या दृष्टीने ते केवळ देशद्रोही होते. स्थानिक मित्रसैनिक आणि बाहेरून आलेला सैनिक एकाच खंदकात असले तरी त्यांच्या जिवाची जोखीम सारखी नसते, हे या एका प्रसंगावरून कळते. बांगलादेश सरकारने बशीर व मुन्शी दोघांनाही ‘बीर प्रतीक’ हा शौर्यसन्मान दिला.

जंगी पलटण त्या वेळी लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखाली होती. तिने जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेस, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शत्रूची वाट अडविली. लष्करी पुलांचे साहित्य हाताशी नसताना नदी ओलांडावयाची म्हणजे स्थानिक होड्या, बैलगाड्या आणि त्या हाकणारी माणसे आलीच. उतार कोठे आहे आणि वाळूत चाक कोठे रुतेल हे नकाशावर नसते. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुचने वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. तो मराठ्यांच्या मोर्चापुढे मोडला आणि ११ तारखेस जमालपूर पडले. आमच्या काकांच्या बोलण्यातील होडी आणि वाटाडी पोरे ती हीच असावीत असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते नेमके कोणत्या आघाडीवर होते हे आम्ही कधी विचारलेच नाही.

टांगाइल : मित्राचे स्वतःचे युद्ध

११ डिसेंबरच्या सायंकाळी २ पॅरा टांगाइलजवळ विमानांतून उतरली. लोहजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन माघार घेणाऱ्या शत्रूचा ढाक्याचा मार्ग तोडणे हे तिचे काम होते. एवढे मोठे दल दिवसाउजेडी शत्रूच्या पिछाडीस सुखरूप उतरू शकले, याचे श्रेय त्या मुलखावर आधीपासून कब्जा असलेल्या अब्दुल कादेर सिद्दीकी यांच्या ‘कादेरिया वाहिनी’कडे जाते. उतरण्याची जागा निश्चित करण्यासाठी एक भारतीय अधिकारी अगोदरच त्यांच्याकडे पोहोचला होता. तळ्यांत व शेतांत विखुरलेले साहित्य गोळा करण्यास गावकरी धावून आले. जमालपूरहून खाली येणारी जंगी पलटण आणि ही मूळची मराठा पलटण टांगाइलच्या परिसरात एकमेकींस भेटल्या, ही घटना रेजिमेंटच्या इतिहासात अभिमानाने नोंदली जाते, आणि ते योग्यच आहे.

मात्र सिद्दीकी यांचे दल भारतीय सैन्याची शाखा नव्हते. त्यांनी ऑगस्टमध्येच भुयापूरजवळ शस्त्रांनी भरलेली पाकिस्तानी जहाजे काबीज केली होती. त्यांचा शत्रू, त्यांचे हिशेब आणि त्यांचे मृत त्यांचे स्वतःचे होते. १६ डिसेंबरच्या सकाळी ढाक्याच्या मीरपूर पुलावर मेजर जनरल नागरा यांच्यासमवेत सिद्दीकीही होते. दोनच दिवसांनी, १८ तारखेस, ढाक्यातील जाहीर सभेनंतर पाकिस्तानचे हस्तक ठरविलेल्या बंदिवानांना सिद्दीकी यांच्या उपस्थितीत, जमावासमोर संगिनींनी भोसकून मारण्यात आले. होर्स्ट फास व मिशेल लॉराँ यांनी टिपलेल्या या प्रसंगाच्या छायाचित्रांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याकडील विजयगाथांतून हे पान बहुधा गळते.

प्रस्तुत लेखकास ही गळती अयोग्य वाटते. मित्राची बदनामी टाळण्याचा हेतू समजून घेऊनही. कारण तिच्यामुळे आपल्या जवानांवर आलेली एक विलक्षण अवघड कामगिरीच दिसेनाशी होते. शरणागतीनंतर सुमारे ९३,००० युद्धकैदी आणि उर्दूभाषक बिहारी वस्त्या यांच्या रक्षणाचा भार भारतीय सैन्यावर पडला. पाकिस्तानी सैनिकांना काही काळ स्वसंरक्षणार्थ शस्त्रेही बाळगू देण्यात आली. काल ज्याच्यावर गोळी झाडली त्याचे आज रक्षण करावयाचे, आणि तेही ज्याने काल आपल्याला नदी ओलांडून दिली त्याच्यापासून. ज्याची बहीण, बाप वा गाव गेलेले आहे त्या मित्राला अडविताना जवानाच्या मनात काय चालले असेल, याची नोंद लष्करी अहवालांत सापडणार नाही.

नोंदींतील विषमता

शरणागतीचा दस्तऐवज भारत व बांगलादेश यांच्या संयुक्त दलांचे प्रमुख म्हणून लेफ्टनंट जनरल अरोरा यांच्यापुढे सही झाला. मुक्तिवाहिनीचे सरसेनापती कर्नल उस्मानी तेथे नव्हते. ग्रुप कॅप्टन ए. के. खंदकार यांनी प्रतिनिधित्व केले. बांगलादेशात याविषयीची खंत अद्याप व्यक्त होते. दुसरीकडे, ऑगस्ट २०२४ मधील सत्तांतराच्या वेळी मुजीबनगर येथील शरणागतीचे शिल्प फोडण्यात आले, तेव्हा आपल्याकडील अनेक माजी सैनिकांना वेदना झाल्या. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही देशांच्या माजी सैनिकांची विजय दिनानिमित्तची परस्परभेट खंडित झाली नाही.

अशा भेटींत सहसा अधिकारी असतात. १९७१ साली विशीत असलेला शिपाई आज सत्तरीच्या उत्तरार्धात आहे आणि तो कांजूरमार्गच्या वा मुलुंडच्या एखाद्या खोलीत मुलाच्या कुटुंबासह राहत असेल. आपल्या महाविद्यालयांत प्रकल्पलेखनासाठी विद्यार्थ्यांना मुलाखती घेण्यास पाठविले जाते. तेव्हा प्रश्नावलीत पदके व लढायांबरोबर आणखी काही प्रश्न असावेत, असे सुचवावेसे वाटते : वाट कोणी दाखविली, जेवण कोठे मिळाले, कोणती भाषा बोललात, मुक्तिवाहिनीतील कोणाचे नाव आठवते काय, आणि युद्ध संपल्यानंतरच्या आठवड्यात तुमचा पहारा कोणावर होता.