सूर जुळावेत म्हणून : संगीतसेवकांचे आंतरजालावरील कुटुंब



२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा सण. संगीतसेवकांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभा तिला मानते. त्या सुमारास अनेक धर्मग्रामांत गायकवृंदाचा सत्कार होतो, फुले दिली जातात, चहापान होते. दुसऱ्या रविवारी मात्र पेटीवादक पुन्हा आपल्या पेटीपाशी एकटाच बसलेला असतो. कोणते गीत कोणत्या पट्टीत घ्यावे, तबलजी न आल्यास काय करावे, नवी चाल कोणाकडून शिकावी, हे सारे प्रश्न त्याचे त्यालाच सोडवावे लागतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वृद्ध पेटीवादकाच्या अंत्यविधीस आम्ही उपस्थित होतो. त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे आपल्या मंदिरात सेवा केली होती आणि कित्येक गीतांना स्वतः चाली बांधल्या होत्या. त्यांच्याच चालीचे एखादे गीत मिस्सामध्ये गावे, अशी कुटुंबीयांची इच्छा होती. गीताचे शब्द वहीत सापडले. पण चाल कोणालाही धड आठवेना. एकाला धृपद येत होते, दुसरीला अंतऱ्याची पहिली ओळ. अखेर दुसरेच गीत गाऊन त्यांना निरोप द्यावा लागला. ज्याने गावाला गाणे शिकवले, त्याचेच गाणे त्याच्या सोबतीला नव्हते. तो प्रसंग आम्हांला विसरता आलेला नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्तही तेच आहे. संगीतसेवकांना एकमेकांशी जोडणारे, त्यांना आधार देणारे कुटुंब आंतरजालाच्या साहाय्याने कसे उभे राहते, हे येथे समजून घेऊ या.

परंपरा जुनी, साधन नवे

संगीतकारांनी एकत्र यावे हा विचार संगणकाबरोबर जन्मलेला नाही. इ. स. १५८५ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी एका आज्ञापत्राद्वारे रोममधील संगीतकारांच्या संघाला मान्यता दिली. धन्य कुमारी मरिया, संत ग्रेगरी आणि संत सिसिलिया हे त्या संघाचे आश्रयदाते होत. आज रोममध्ये संत सिसिलियाच्या नावाने जी विख्यात संगीत अकादमी आहे, तिचे मूळ या संघात आहे.

लंडनची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. किच नावाचा एक निष्णात ओबोवादक निर्धन अवस्थेत मरण पावला. पुढे त्याची मुले रस्त्यात गाढविणी हाकताना त्याच्या काही संगीतकार मित्रांच्या दृष्टीस पडली. त्या दृश्याने व्यथित होऊन १७३८ साली गरजू संगीतकार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी एक निधी उभारण्यात आला. त्याच्या आरंभीच्या सभासदांत थोर रचनाकार हॅन्डेल होते. १७५९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात या निधीसाठी एक हजार पौंड ठेवलेले आढळले. हीच संस्था आज रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्स या नावाने कार्य करीत आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळे. त्या शिक्षणाच्या बळावर शेकडो तरुण मुंबईला आले. गावोगावच्या लोकांनी मुंबईत चालवलेल्या ‘कूड’ नावाच्या सामाईक निवासांत त्यांना अंथरूण, माळेची प्रार्थना आणि कामाची खबर एकाच छपराखाली मिळत असे. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे याच परंपरेतले. हिंदी चित्रपटसंगीतात व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक म्हणून त्यांनी नाव मिळवले आणि १९५८ साली भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा भव्य वाद्यवृंद उभा केला. शाळेने विद्या दिली, कुडीने आसरा दिला आणि ओळखीपाळखीने काम दिले. विद्या, आसरा आणि ओळख या तीन गोष्टी संगीतसेवकाला आजही हव्या आहेत. गावाच्या सीमेपलीकडे त्या पोहोचवण्याचे साधन तेवढे नवे आहे.

पहिला पाया : सामाईक भांडार

आंतरजालावरील असे कुटुंब बहुधा एखाद्या छोट्या गरजेतून सुरू होते. गायकवृंदांना स्वरलेखनाच्या प्रती हव्या असतात. त्या विकत घेणे परवडत नाही. या गरजेतून १९९८ च्या डिसेंबरात राफाएल ऑर्नेस यांनी वृंदगायनाचे एक मुक्त ग्रंथालय सुरू केले. ज्या रचनांवरील स्वामित्वहक्क संपला आहे, त्या स्वयंसेवकांनी संगणकावर उतरवाव्यात आणि कोणीही विनामूल्य घ्याव्यात, अशी योजना होती. २००५ साली या ग्रंथालयाला असे रूप देण्यात आले की, सभासदांना पाने स्वतःच भरता व दुरुस्त करता यावीत. त्यामुळे साऱ्या कामाचा भार एका माणसावर राहिला नाही. आज तेथे हजारो रचना आहेत, आणि त्यांत पालेस्त्रिना, व्हिक्टोरिया अशा आचार्यांच्या उपासनारचना मोठ्या संख्येने आहेत.

२००६ च्या फेब्रुवारीत एडवर्ड गुओ या संगीताच्या तरुण विद्यार्थ्याने आणखी मोठे भांडार उघडले. १५०१ साली व्हेनिसमध्ये बहुस्वरी संगीताचे पहिले छापील पुस्तक काढणाऱ्या पेत्रुच्ची या मुद्रकाचे नाव त्याला देण्यात आले. पण २००७ च्या ऑक्टोबरात ते एकाएकी बंद पडले. भांडार कॅनडात होते. तेथे त्या वेळी रचनाकाराच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी हक्क संपत असे. युरोपात मात्र ती मुदत सत्तर वर्षांची होती. युरोपातील एका प्रकाशनसंस्थेने कायदेशीर नोटीस पाठवली, आणि एकट्या विद्यार्थ्याला तो भार पेलवेना. जगभरचे संगीतप्रेमी व कायद्याचे जाणकार त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रत्येक रचना कोणत्या देशात मुक्त आहे हे तपासून नोंदवण्याची काटेकोर पद्धत बसवण्यात आली, आणि २००८ च्या जूनअखेर भांडार पुन्हा खुले झाले. भांडार उभारणे एकाला जमेल; ते टिकवण्यास मात्र अनेकांचे हात आणि स्पष्ट नियम लागतात, हा यातला धडा.

दुसरा पाया : एकत्र गायन

२०२० साली करोनाच्या साथीमुळे मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा अनेक गायकवृंदांनी व्हिडिओ कॉलवर सराव करून पाहिला आणि ते निराश झाले. सूर लागत, पण ताल जुळत नसे. त्याचे कारण साधे आहे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर दूर उभ्या असलेल्या गायकाचा आवाज सेकंदाच्या तीस सहस्रांशात आपल्याला ऐकू येतो. एवढा विलंब कान सांभाळून घेतो. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा विलंब त्याच्या कित्येक पट होतो. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो, आणि गाणे रेंगाळत जाते. जॅमुलस, जॅकट्रिप यांसारख्या विनामूल्य प्रणाली हा विलंब कमी करतात. पण त्यांना तारेने जोडलेले चांगले इंटरनेट लागते आणि गायकांमधील अंतर फार असून चालत नाही.

अमेरिकन रचनाकार एरिक व्हिटॅकर यांनी दुसरी वाट चोखाळली. संचालकाचे चित्रीकरण सर्वांना पाठवायचे, ते पाहत प्रत्येकाने घरी एकट्याने गायचे, आणि नंतर सारे आवाज एकत्र जोडायचे. २०१० साली त्यांच्या अशा पहिल्या वृंदात १२ देशांतील १८५ गायक होते. २०२० साली, जग घरात कोंडलेले असताना, १२९ देशांतील सतरा हजारांहून अधिक गायक सहभागी झाले. आजारी, अपंग, एकाकी माणसेही त्यांत गाऊ शकली. तरीही येथे एक गोष्ट नम्रपणे नमूद केली पाहिजे. पडद्यावरचा वृंद ही उपासना नव्हे. उपासना एकत्र जमलेल्या भाविकांचीच असते. आंतरजालाने सराव करावा, शिकावे, धीर द्यावा. गाणे मात्र वेदीसमोर, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून गावे.

तिसरा पाया : कायदा आणि शिस्त

“देवाच्या गाण्याला कसला आला हक्क?” असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. हक्क असतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार गीतकाराचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे अबाधित राहतो. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा. प्रामाणिक धार्मिक विधीत गीत गाण्यास कायद्याने सूट दिली आहे. म्हणून मिस्सामध्ये गाताना भिण्याचे कारण नाही. तेच गीत पुस्तिकेत छापणे किंवा त्याचे स्वरलेखन सर्वांसाठी खुले करणे ही गोष्ट निराळी; तेथे लेखी परवानगी घ्यावी. ती मागितल्यास आपले बहुतेक रचनाकार आनंदाने देतात. न विचारता, नाव गाळून गीत फिरवले जाते, तेव्हा मात्र त्यांचे मन दुखावते.

मंदिरासाठी आणखी एक मर्यादा आहे. आंतरजालावर सापडलेले प्रत्येक भक्तिगीत उपासनेत चालतेच असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पवित्र संगीताला स्वतंत्र प्रकरण दिले, देशोदेशींच्या संगीतपरंपरांचा आदर केला, आणि गीतांचे शब्द ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी सुसंगत असावेत, असेही सांगितले. म्हणून भांडारात प्रत्येक गीतापुढे ते उपासनेसाठी मान्य आहे की केवळ भजनासाठी आहे, हे नमूद असावे. बालगायकांची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे पालकांच्या संमतीवाचून कोठेही देऊ नयेत. मदतीच्या नावाखाली परस्पर पैसे मागण्यास मुळीच थारा नसावा.

चौथा पाया : माणूस

यंत्रे माणसांना जोडतात, पण एकमेकांशी बांधत नाहीत. ज्या कुटुंबात नवशिक्याचा प्रश्न हसण्यावारी नेला जातो, ते लवकरच ओस पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन शांत स्वभावाचे रखवालदार लागतात. नवागताचे स्वागत करणारे, वाद वाढू न देणारे आणि “मला येत नाही” म्हणणाऱ्याला “मी दाखवतो” म्हणणारे. खेड्यातल्या पेटीवादिकेला अडीअडचणीच्या वेळी विचारता येईल असा एक अनुभवी वादक मिळाला, तरी पुष्कळ झाले.

आपल्याकडे काय करता येईल?

सुरुवात लहान असावी. शेजारच्या चार-पाच धर्मग्रामांच्या गायकवृंदांनी एकत्र यावे. ज्या चाली केवळ एखाद्या वृद्धाच्या स्मरणात आहेत, त्या आधी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. नंतर त्यांचे स्वरलेखन करावे. भातखंडे पद्धत आपल्याला सोयीची आहे : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. एवढे कळले की पेटीवर चाल काढता येते. ज्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येते, त्यांनी तीच चाल म्यूझस्कोर या विनामूल्य प्रणालीत उतरवावी, म्हणजे व्हायोलिनवादकाचीही सोय होईल. प्रत्येक पानावर गीतकाराचे व संगीतकाराचे नाव, परवानगीची नोंद आणि उपासनेतील स्थान लिहावे. केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नये. तेथे आलेले गीत महिनाभरात शेकडो शुभेच्छांखाली दडपले जाते. पक्के भांडार वेगळे ठेवावे, आणि त्याच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. सभासदांच्या आजारपणासाठी लहानसा निधी असावा. त्याचा हिशेब धर्मग्रामाच्या अर्थसमितीसमोर ठेवावा.

त्या वृद्ध पेटीवादकाविषयी शेवटचे दोन शब्द. अंत्यविधीनंतर काही महिन्यांनी त्यांच्या नातवाला कपाटात एक जुनी कॅसेट सापडली. गायकवृंदातील तरुणांनी ती पुनःपुन्हा ऐकून चाल लिहून काढली. पहिली दोन कडवी पूर्ण मिळाली. तिसऱ्या कडव्याशी फीत चुरगळलेली होती, तेथील सूर कायमचे गेले. पुढच्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्या कबरीपाशी ती दोन कडवी गायली गेली. तिसरे कडवे कोणी नव्याने रचले नाही.

आपल्या धर्मग्रामातही अशी एखादी व्यक्ती असेल. येत्या रविवारी मिस्सानंतर तिच्याजवळ जा, आणि “आजोबा, ही चाल कोणाची? एकदा गाऊन दाखवाल का?” एवढेच विचारा.